गच्चीला घाई सोसत नाही

बडोदे
मे अखेर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधलं लेस्टरचं काम सोडून तू ऑगस्टमध्ये परत येतोस आणि इथे गच्च्या-कौलं साफ करण्याचा स्वतःचा धंदा काढतोस, हे फोनवर ऐकल्यावर तुझ्या बाबांनी लगेच भांडवलाचं विचारलं. मी गप्प राहिले, कारण मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यापासून निवृत्त होईपर्यंत ओव्हरसीअर म्हणून मी या शहराच्या गच्च्यांवर उभी राहिले. गळती का होते, कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, कशाने फुगतो, कौल कुठे तडकतं, हे पाहण्यात माझं आयुष्य गेलं. म्हणून सविस्तर लिहिते. पटणार नाही तिथे उलट लिही, पण वाच सगळं.

तू पाठवलेल्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर जेट मशीन आहे. ते खोडून टाक. घरच्या नळाला एक-दोन बारचा जोर असतो, ही यंत्रं शंभर-दीडशे बारने पाणी मारतात. राडा धुवायला, गाडी धुवायला ठीक. पण मंगलोरी कौलाची भट्टीत भाजलेली वरची कातडी त्या माऱ्याने सोलली जाते. कौल त्या दिवशी लालभडक दिसतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि पुढच्या पावसात तेच कौल जास्त पाणी पितं आणि जास्त शेवाळतं. चायना मोझेकच्या गच्चीवर तर तोटा दिसतही नाही. टाइलचे पांढरे तुकडे चकचकीत राहतात, मधल्या सांध्यांतलं सिमेंट उडून जातं. मग पाणी सांध्यातून खालच्या ब्रिकबॅट कोब्यात उतरतं, तिथे साठून राहतं आणि आठवड्यांनंतर कुणाच्या तरी बेडरूमच्या छतावर ओल येते. तोवर तू पैसे घेऊन गेलेला असतोस.

हे तुला नवीन नाही. तुमच्याकडे काँक्रीटच्या कौलांवरचं शेवाळ पट्टीने हाताने खरवडतात, वर बेंझाल्कोनियमचं औषध फवारतात आणि बाकीचं काम पावसावर सोपवतात, हे तूच मला सांगितलंस. अमेरिकेत डांबरी शिंगल, म्हणजे छपरावर कौलांसारख्या घालायच्या पट्ट्या, बनवणाऱ्यांची संघटनासुद्धा ब्लीचचं पाणी पंधरा-वीस मिनिटं ठेवून हलक्या धारेने धुवा, प्रेशरची मशीन लावू नका, असंच सांगते. मग इथे येताना ती शिस्त विमानतळावर का ठेवायची? इथलं गिऱ्हाईक घाईत असतं म्हणून?

असतं, हे मला मान्य आहे. "बेन, आजे ने आजे धोळुं करी आपो," म्हणजे बाई, आजच्या आज पांढरं करून द्या, हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल. नवरात्र संपली की दिवाळीची साफसफाई आणि ती झाली की 14 जानेवारीचं उत्तरायण. दोन दिवस सगळं बडोदं गच्चीवर असतं. वर पतंगाकडे बघत मुलं उलट्या पावलांनी धावतात. पहाटेचं दव पडलं की वाळलेलं शेवाळही निसरडं होतं, त्यामुळे लोकांनी गच्ची साफ मागणं योग्यच आहे. चूक एवढीच, की त्यांना ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आठवते. मग कुणीतरी ॲसिडची बाटली घेऊन येतो, फेस उठतो, सगळं पांढरं होतं. तो फेस म्हणजे तुझा चुना आणि तुझं सिमेंट विरघळतंय. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गच्च्या गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून दिवसचे दिवस कुटून केलेल्या आहेत. ॲसिडचा एक हात त्यांची वर्षं कमी करतो.

म्हणून तुझ्या धंद्याचं वेळापत्रक गिऱ्हाइकाच्या सणावर न बांधता शेवाळाच्या जगण्यावर बांध. आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात निदान तीन वेगळे जीव असतात. हिरव्या मऊ गाद्या असतात त्या खऱ्या मॉसच्या. त्यांना मूळ नसतं, केसांसारख्या तंतूंनी ते धरून असतं. वाळलं की बोथट पट्टीने किंवा ताठ झाडूने अख्खं सुटून येतं. दुसरा तो काळा थर, जो एप्रिलमध्ये धूळ किंवा डांबर वाटतो. तो नील-हरित जीवाणूंचा. उन्हाळाभर मेल्यासारखा पडून राहतो आणि पहिला पाऊस पडला की काही वेळात पुन्हा जागा होतो. कोरड्या दिवसांत त्याच्यावर औषध ओतलंस तर फुकट जातं. तिसरं दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातलं त्याच कुळातलं. बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात, आणि बुरशीचे तंतू कौलाच्या अंगात शिरलेले असतात. ते ओढून काढलं तर कौलाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. त्याला मारायचं आणि महिनोन्‌महिने आपोआप झडू द्यायचं, दुसरा उपाय नाही.

यावरून हिशेब सरळ निघतो. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, पण थर अजून ओला आणि जिवंत असतो, तेव्हा औषधाची पहिली फेरी. दिवाळीनंतर, सगळं मरून कुरकुरीत झालं की दुसरी फेरी, झाडू आणि पट्टीची. दोन फेऱ्या, दोन हप्ते. अर्धे पैसे पहिल्या फेरीला, उरलेले दुसरी झाल्यावर त्यांना गच्चीवर नेऊन दाखवून. असं केलंस तर उत्तरायणाला गच्ची तयार असेल आणि तुझ्या माणसांना डिसेंबरमध्ये रात्री दिवे लावून पळापळ करावी लागणार नाही. डिसेंबरमध्ये पहिल्यांदा फोन करणाऱ्याला फक्त झाडून, खरवडून दे आणि औषधासाठी पुढच्या सप्टेंबरची तारीख लिहून घे. काही जण रागावतील. रागावू देत.

औषधाबद्दल. इथे हायपो, म्हणजे ब्लीचचंच पाणी, सोडियम हायपोक्लोराइट, सहज मिळतो, आपल्या आसपासच रसायनांचे कारखाने आहेत. पण दहा-बारा टक्क्यांचा म्हणून घेतलेला हायपो आपल्या उन्हाळ्यात कॅनमध्येच ताकद गमावतो, म्हणून साठा करू नकोस, लागेल तेवढा ताजा आण आणि सावलीत ठेव. एक भाग हायपोला चार भाग पाणी बहुतेक गच्च्यांना पुरतं. बडोद्याचा ऑक्टोबर कसा तापतो ते तू विसरला असशील. नऊ-साडेनऊनंतर फवारलेलं पाणी काम करायच्या आत वाळतं, तेव्हा सकाळी उजाडताच सुरुवात कर. स्लॅबला भेगा असतील तिथे हायपो वापरू नकोस, कारण त्यातला क्लोराइड आतल्या सळईपर्यंत पोचला तर गंज धरतो. तिथे बीकेसी, म्हणजे तुमचंच बेंझाल्कोनियम. ते माशांना विषारी आहे. पावसाचं पाणी ज्यांच्या टाकीत किंवा बोअरमध्ये उतरतं त्या घरांचा पाइप आधी बंद करायचा आणि धुतलेलं पाणी वेगळं काढायचं, औषध कुठलंही असो. तुळशीच्या कुंड्या हलवायच्या, न हलणारी झाडं आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवायची. आता घरोघरी सोलर पॅनेल बसली आहेत. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला हायपो लागू द्यायचा नाही, आणि खालचा मेन स्विच बंद केला तरी उन्हात पॅनेलमध्ये वीज असतेच, हे प्रत्येक गड्याला सांगायचं. बहुतेकदा शेवाळही त्या पॅनेलच्या सावलीतच सापडेल तुला. तुमच्याकडे उत्तरेचा उतार शेवाळतो. आपण कर्कवृत्ताच्या खाली, जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणून इथे दिशेपेक्षा सावली आणि साचलेलं पाणी बघ. टाकीचा स्टँड, निंबाची फांदी, तुंबलेलं पाण्याचं तोंड. त्या तोंडातून गेल्या वर्षीचा मांजा आणि पानांचा बोळा काढलास तर निम्मं शेवाळ पुढच्या वर्षी येतच नाही. हे काम बिलात वेगळं लिही, फुकट करू नकोस, म्हणजे लोकांना त्याची किंमत कळेल.

एक नियम माझा, त्यात सूट नाही. तुझ्या गाडीवर ॲसिडचा कॅन चढता कामा नये. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. गड्यांना सवय असते, एकाने भागलं नाही की दुसरं ओतायची. जिन्याच्या खोलीसारख्या बंद जागेत तेवढ्याने माणूस जातो. कॅनच नसेल तर चूक व्हायला वाव राहत नाही.

आता पत्र्याचं. हे लिहिताना माझा हात अडखळतो. मकरपुऱ्याच्या एका शेडवर आमचा एक गडी पन्हाळ साफ करायला चढला होता. सिमेंटच्या पत्र्यांमध्ये उजेडासाठी प्लास्टिकचे पत्रे घातलेले असतात. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि शेवाळाने दोन्ही एकाच रंगाचे झाले होते. त्याने खिळ्यांची रांग धरून पाऊल टाकलं ते नेमकं त्या प्लास्टिकवर. त्या दिवशी त्याला कुणी पाठवलं, ठेका कुणाचा होता, यात मी पडत नाही. वीस मिनिटांचं काम आहे, दोर कशाला, असं सगळेच म्हणत होते. त्याची बायको नंतर बरेच दिवस साइटवर यायची, काही मागायची नाही, नुसती उभी राहायची. तुझ्याकडे कारखान्यांची कामं येतील आणि पैसा तिथेच जास्त असेल. सिमेंटच्या पत्र्यावर तुझा माणूस चालणार नाही. खालून उचलणारी लिफ्ट किंवा पत्र्यांखालच्या कैच्यांवर, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यावर, टेकणाऱ्या फळ्या, नाहीतर काम नाही. शिवाय त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. तिकडे त्यावर 1999 साली पूर्ण बंदी आली, इथे तो अजून विकला जातो. तो कोरडा घासायचा नाही, जोराच्या पाण्याने झोडायचा नाही, कारण तंतू सुटले की फुप्फुसात जातात आणि तिथून बाहेर येत नाहीत. खरं सांगायचं तर असलं काम सुरुवातीची वर्षं घेऊच नकोस.

उतरत्या कौलांसाठी आयएस 3521 या भारतीय मानकाची छाप असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे सुरक्षापट्टा, घे, दोन दोरांचा, म्हणजे एक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. तो पाण्याच्या पाइपला किंवा अँटेनाच्या खांबाला बांधायचा नाही. वाड्याच्या भिंतीत काय धरेल हे मी येऊन बघेन. शिडी चार हात उंच टेकवली तर पाया भिंतीपासून एक हात लांब. प्रत्येक गड्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून काढ, वर्षाला 20 रुपये लागतात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. तेवढ्याने कुणाचं घर चालत नाही, म्हणून वर खासगी अपघात विमाही काढ. त्याचा खर्च दरात धर. जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की सक्तीची आहे. कारखाने मात्र नंबर आधीच मागतील, तेव्हा सुरुवातीलाच विचार कर.

दर चौरस फुटावर लावतात, पण नुसतं क्षेत्रफळ मोजून फसशील. वेळ जातो तो कडा, पाइप, स्टँडचे पाय, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कोपऱ्यांत. आणि काम सुरू करण्याआधी गच्ची बघून झाली की खाली उतर, वरच्या मजल्याच्या प्रत्येक खोलीचं छत बघ, जुनी ओल असेल तिचे फोटो काढ आणि मालकासमोर कागदावर लिहून सही घे. गच्ची धुतल्यानंतर दिसलेली प्रत्येक ओल धुणाऱ्याच्या नावावर जाते. जिथे कोबाच फुटला आहे तिथे सरळ सांग, साफ करून उपयोग नाही, आधी दुरुस्ती करा. तुझं काम जाईल, पण तोच माणूस पुढे चार घरं दाखवेल, हे मी पाहिलेलं आहे.

पॅरापेटच्या भेगेत उगवलेला पिंपळ सगळीकडे भेटेल. गडी त्याला हात लावायला कचरतात आणि मालक त्याला पाणी घालतात. कुणाच्या श्रद्धेवर बोलू नकोस. लहान असेल तर पावसाच्या सुरुवातीला मुळासकट सोडवून मोकळ्या जागेत लावून देतो म्हण, लोक आनंदाने तयार होतात. मोठा झालेला असेल तर ओढायचा नाही, विटा घेऊन येतो. गवंड्याला बोलव. तांबेकर वाड्यासारख्या संरक्षित वास्तूचं काम कुणीही देऊ केलं तरी हात लावू नकोस, ते पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली होणारं काम आहे.

येताना तिकडची खरवडायची पट्टी एकच आण, तिच्यावरून आपला लोहार हव्या तेवढ्या करून देईल. मंगलोरी कौलाच्या पन्हाळीत बसेल असा तिचा आकार थोडा बदलावा लागेल, म्हणून वाड्याच्या पडवीवरचं एक सुटं कौल मी मापाला काढून ठेवलं आहे. बाबांनी मागच्या खोलीतलं सामान हलवायला घेतलं आहे. पण हायपो त्या खोलीत ठेवायचा नाही, वारा खेळत नाही तिथे. त्याच्यासाठी अंगणातल्या शेडचं बघते. भांडवलाचं बाबांशी तू बोल, मी त्यांना हे पत्र वाचायला दिलं आहे.

तुझी
आई