बाई, आपल्या अंगठ्यांखाली झाकलेल्या त्या दोन आकड्यांबद्दल

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र आपल्या हाती देता आले असते. परंतु आपण माझ्या मुलीसाठी जे केलेत, ते हिंगोली जिल्ह्यातल्या इतर पालकांनाही कळावे, म्हणून उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी ती ज्या मोठ्या शिकवणीला जात होती, तिथे ऋण घातांकांचे नियम फळ्यावर लिहून पाठ करायला सांगितले जात. १० चा उणे ३१ वा घात १० च्या उणे २७ व्या घातापेक्षा लहान का, असे तिने विचारले तेव्हा ‘अभ्यासक्रम मागे पडतो’ हे उत्तर मिळाले, आणि मला बोलावून मुलीचा गणिताकडे कल नाही असे सांगण्यात आले. वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्यांनी एका प्रश्नाला दोन मिनिटे देऊ नयेत, ही सल अजून गेलेली नाही.

आपण तिच्यासमोर दोनच वस्तुमाने लिहिलीत: इलेक्ट्रॉनचे ९.११ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलोग्रॅम आणि प्रोटॉनचे १.६७ गुणिले १० चा उणे २७ वा घात किलोग्रॅम. तिची नजर ९.११ वर गेली आणि इलेक्ट्रॉन जड, असे ती म्हणाली. आपण ‘चूक’ हा शब्द उच्चारला नाहीत, ९.११ आणि १.६७ हे दोन्ही आकडे अंगठ्यांनी झाकलेत आणि ‘आता काय दिसतं, बाळा?’ एवढेच विचारलेत. उरले होते फक्त घात. संख्यारेषेवर उणे ३१ अधिक डावीकडे, म्हणून इलेक्ट्रॉन हलका. घातांकांत ४ चा फरक, म्हणजे अंदाजे दहा हजार पट, हे तिचे तिनेच सांगितले. मग आपण अंगठे उचललेत, आणि १.६७ ला ९.११ ने भागल्यावर त्या दहा हजारांचे सुमारे अठराशे कसे होतात, हे तिच्याच हातून करवून घेतलेत. झाकण्यापूर्वी दोन्हींची एकके सारखी आहेत ना, आणि दशांश चिन्हाच्या डावीकडे शून्य नसलेला एकच अंक आहे ना, एवढे पाहायचे, ही आपली सूचना तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून पसरणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा तिथल्या यंत्राच्या ४ किलोमीटर लांब भुजांच्या, म्हणजे लेसर किरण जाणाऱ्या नळ्यांच्या, लांबीत पडलेला फरक सुमारे ४ गुणिले १० चा उणे १८ वा घात मीटर इतका होता, आणि प्रोटॉनचा व्यास आहे सुमारे १.७ गुणिले १० चा उणे १५ वा घात मीटर. मुलीने हे आकडे एकाखाली एक मांडले, कुणी न सांगता अंगठे ठेवले, आणि तो फरक प्रोटॉनच्या चारशेव्या भागाहूनही लहान असल्याचे मला समजावून दिले. बाई, तेव्हा मला बोलता आले नाही.

आपण निवृत्त आहात; आपल्यावर कसलेही बंधन नव्हते. समोरच्या लेकराला आपल्या प्रश्नाची लाज वाटू न देणे, याला मी माणुसकी म्हणतो, आणि ती पदव्यांच्या पाट्या लावलेल्या दारांपाशी मला आढळली नाही.

एक विनंती आहे. तिच्या वर्गातल्या आणखी दोघींना आपल्याकडे पाठवू का? त्यांच्याही पालकांना ‘कल नाही’ असेच सांगण्यात आले आहे.

आपला कृतज्ञ,
एक पालक