सूचना : रविवारच्या नाणेमांडणीबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी मांडणीसाठी नाणी आणताना कृपया मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून आणू नका. ते बहुधा पीव्हीसी असते, आणि हे प्लॅस्टिक नाण्याला खाते. माझी एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे, अशाच पाकिटात दोन पावसाळे राहिली. बाहेर काढली तेव्हा 'श्री राजा शिव' या अक्षरांवर चिकट हिरवा थर होता. मागच्या बाजूचे 'छत्रपति' तेवढे शाबूत राहिले. अजून हळहळ वाटते. आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

पेटीबद्दलही सांगायचे आहे. सागवानी पेटी दिसते सुरेख, पण लाकडातून आम्ल वाफा निघतात आणि सातवाहनांची शिशाची नाणी त्याने पांढरी पडून भुगा होतात. बेळगावच्याच वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती उत्खननात मिळाली, त्यामुळे आपल्या भागात या नाण्यांचे मोल वेगळेच. शिसे ॲक्रिलिकच्या डबीतच ठेवा, सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी. चांदीजवळ रबरबँड नको, काळी पडते.

चिंच, लिंबू, पितांबरी लावून नाणे चकाकवू नका, हात जोडून विनंती. शेकडो वर्षांचा थर एकदा गेला की परत येत नाही. नाणे कडेला धरा.

प्रत्येक नाण्याखाली राजवट, धातू, वजन आणि ते कुठून मिळाले याची चिठ्ठी हवी. खानापूर, निपाणीकडे शेतात नांगरताना काही सापडले तर ते पेटीत येत नाही, कर्नाटकच्या 1962 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे.

पेट्या सकाळी नऊपर्यंत आणाव्यात.