उजवा स्तंभ म्हणजे यांग नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत चिनी यिन-यांग (यिन स्त्रीतत्त्व, यांग पुरुषतत्त्व) आणि ज्यू गूढवादातला दहा सेफिरोतांचा, म्हणजे ईश्वरी गुणांचा, जीवनवृक्ष शेजारी-शेजारी छापून ‘उजवा स्तंभ यांग, डावा यिन’ असा निर्वाळा दिला आहे. ही जुळणी पाण्यापाशी अडते.

कब्बालात, म्हणजे याच ज्यू गूढवादात, उजवी बाजू पुरुषतत्त्वाची, डावी स्त्रीतत्त्वाची (आपल्याकडचा अर्धनारीनटेश्वर आठवावा). पण उजवीकडचे ‘हेसेद’, म्हणजे कृपा, हे पाणी आणि डावीकडची ‘गेवुरा’, म्हणजे कठोर न्याय, हा अग्नी. चिनी तत्त्वज्ञ झोउ दुनयी (१०१७–१०७३) यांच्या, विश्वाची उत्पत्ती दाखवणाऱ्या ताईजी आकृतीतही पाणी उजवीकडे, अग्नी डावीकडेच. चित्रे एकावर एक ठेवली की पाण्यावर पाणी बसते आणि फसगत इथेच होते, कारण त्या आकृतीत डावी बाजू यांगची. अग्नी यांग, पाणी यिन. तत्त्वे जुळली, पण लिंगे उलटली. त्यातही ‘यी जिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातले पाण्याचे त्रिरेखा-चिन्ह म्हणजे दोन यिन रेषांमध्ये एक यांग रेषा, आणि त्याला ‘मधला मुलगा’ म्हणतात. तेव्हा पाणी निखालस यिन, असेही चिनी परंपरा सरसकट म्हणत नाही.

कब्बालातल्या ‘३२ मार्गांची दुप्पट’ म्हणजे ‘यी जिंग’मधली ६४ चिन्हे, असेही पुरवणीत म्हटले आहे; हा तर निव्वळ योगायोग. ६४ येतात ते सहा जागी प्रत्येकी दोन पर्याय (यिन किंवा यांग रेषा) ठेवून. ‘सेफेर येत्सिराह’ या ज्यू गूढग्रंथातले ३२ ही बेरीज आहे: १० सेफिरोत आणि २२ हिब्रू अक्षरे, अक्षरे पुन्हा ३, ७ आणि १२ अशी विभागलेली. त्या ग्रंथाचे स्वतःचे गणित वेगळेच आहे. अक्षरे म्हणजे दगड, शब्द म्हणजे घरे: दोन दगडांची २ घरे, तिनांची ६, चारांची २४, असे करत सातांची ५०४०. हा क्रमपर्यायांचा हिशेब झाला, दुपटीचा नव्हे.

‘वू शिंग’ला, म्हणजे चिनी पाच तत्त्वांना, पंचमहाभूते म्हणणेही चूक. त्यात लाकूड आणि धातू आहेत; वायू, आकाश नाहीत.

जाता जाता: हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. पान लावताना अक्षरांचा क्रम फिरला आणि अलेफ-मेम-शिन (वायू, पाणी, अग्नी) ही त्रयी शिन-मेम-अलेफ अशी छापली गेली. कॅम्पात, रास्ता पेठेत सिनेगॉग आहेत, हिब्रू वाचणारी मराठी माणसे आहेत. छपाईआधी त्यांच्यापैकी कुणाला तरी पान दाखवायचे होते.

— एक वाचक, पुणे