मोठा लॅपटॉप पाठवतेय, परत पाठवू नका

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

येत्या शनिवारी संजूदादा बेंगळुरूहून गाडीने मिरजेला येतोय. त्याच्याबरोबर माझा मोठा लॅपटॉप पाठवतेय. आधी विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, ‘फोन आहे की, आणखी पसारा कशाला?’ म्हणून खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून झाल्यावरच लिहायला बसले. आता तो तिथेच राहणार.

पैशांचा विचार मनात आणू नका. नवीन कामात माझी फिरती खूप आहे आणि कंपनीनं छोटा लॅपटॉप दिलाय. हा विकला असता तर येऊन येऊन किती आले असते? आणि जुना झाला म्हणून आपल्याकडे ढकलला असं तर आई, तू चुकूनही समजू नकोस. आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे माहिती साठवायचा वेगवान भाग, बसवून घेतलीय, त्यामुळे बटण दाबल्यावर चहा गाळून होईपर्यंत थांबावं लागत नाही. विंडोज १० ची अपडेट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून ११ टाकून घेतलं. सगळं नीट चालवून बघितलंय.

बाबा, खरं कारण तुमचे डोळे आणि मान. मागच्या खेपेला तुम्ही सोसायटीचा जमाखर्च फोनवर बघत होतात. फोन नाकाशी, मान खाली, गळ्यात पट्टा. मला बघवेना. याचा स्क्रीन १७.३ इंची आहे, म्हणजे ३८ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस उंच. नेहमीच्या १५.६ इंचीवर जितके ठिपके असतात तितकेच, १९२० बाय १०८०, इथे मोठ्या जागेत पसरलेत, त्यामुळे अक्षर मुळातच मोठं दिसतं. वर मी ते दीडपट करून ठेवलंय. काच चकचकीत नाही, ट्यूबलाइट त्यात दिसणार नाही. आणि हो, खाली पुस्तकांचा गठ्ठा लावून उंच करू नका. तुमच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो. स्क्रीन वर गेला की हनुवटी उचलून बघाल आणि मान पुन्हा धरेल.

उजव्या हाताला आकड्यांची वेगळी पट्टी आहे, बँकेतल्या बेरजेच्या मशिनसारखी, ७-८-९ वर आणि १-२-३ खाली. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा आहे, बोटाला लगेच कळतो. मार्च एंडला तुम्ही घरी काम आणायचात, मी आकडे वाचायची आणि तुम्ही मान वर न करता बोटं चालवायचात. बेरीज जुळली की श्रीखंडाची गोळी. या पट्टीवर तुमचा हात बसायला एक दुपारसुद्धा लागणार नाही. मला मात्र तिचा त्रास झाला. तिच्यामुळे अक्षरांची बटणं डावीकडे सरकलीत, दिवसभर टाइप करताना अंग वाकडं व्हायचं आणि खांदा भरून यायचा. तुम्ही लिहायला बसलात की लॅपटॉप जरासा उजवीकडे सरकवून घ्या.

सरकवायचा, उचलायचा नाही! चार्जरसकट साडेतीन किलोच्या घरात जातो. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय बजावलंय ते विसरलात तरी मी विसरलेली नाही. संजूदादा तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवेल. तिथून हलवायचा झाला तर वरच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मारा. आई, तूसुद्धा झाडलोट करताना उचलू नकोस, भोवतीनं पुसून घे. माझ्यासाठी हे वजन म्हणजे शिक्षा होती. नेहमीच्या सॅकमध्ये बसायचा नाही, आणि मेट्रोत उभं राहून खांद्यावर ते ओझं वाहायचं म्हणजे नको व्हायचं. बॅटरीचंही तसंच, मोठा स्क्रीन वीज खातो आणि ती आता जुनी झालीय, जेमतेम तासभर टिकते. पण एका जागी, प्लगला लावून वापरणाऱ्याला या दोन्हीचं काहीच वाटत नाही. म्हणून तर म्हणते, हा तुमच्याच घरात शोभणारा आहे. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल असं मी मुद्दाम लावलंय, बॅटरी त्यानं जास्त दिवस जाते. बिघडलाय समजून प्लग काढत-घालत बसू नका.

आता आवाज. फोनवर गाणं ऐकताना तानपुऱ्याची खर्जाची तार हरवूनच जाते. यात स्पीकर मोठे आहेत, खाली एक छोटा वूफरही आहे. दर्ग्यातल्या संगीत सभेचं रेकॉर्डिंग लावून बघा, तबल्याचा बायाँ नीट ऐकू येईल. आई, तू स्वयंपाकघरात असलीस तरी ऐकू येईल, मग आकाशवाणी सांगली लागत नाही म्हणून ट्रान्झिस्टर खिडकीत धरून उभं राहायला नको.

पण आई, एक ऐक. तू याच्याखाली क्रोशाचा रुमाल घालणार हे मला इथूनच दिसतंय. नको घालूस. स्पीकर आणि हवेच्या फटी दोन्ही खालच्या बाजूला आहेत. कापडावर ठेवला की आवाज दबतो, हवा कोंडते आणि तो तापतो. गादीवर, उशीवर तर मुळीच नको. रुमाल घालायचाच तर बंद केल्यावर वरून घाल, धूळ बसणार नाही. मधूनच पंख्याची घरघर ऐकू आली तर घाबरायचं नाही. उन्हाळ्यात, किंवा व्हिडिओ बराच वेळ चालला की पंखा जोरात फिरतो. रात्रीच्या शांततेत तो आवाज मलाही खटकायचा, पण त्यात धोका काही नाही.

धोका आहे तो प्लगमध्ये. पलंगाजवळच्या सॉकेटला अर्थिंग नाही, हे अप्पाकाकांच्या वेळेपासून आपल्याला माहीत आहे. याचा चार्जर तीन पिनांचा आहे आणि वरचं झाकण धातूचं. अर्थिंग नसलं की त्याला हात लागल्यावर बारीक झिणझिण्या येतात. दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवू नका. वायरमनला बोलावून टेबलाजवळच्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या, तोवर चार्जर लावायचा नाही. पैसे मी पाठवते, यावर वाद नको.

दुसरा धोका फसवणुकीचा. एखाद्या दिवशी स्क्रीनभर लाल सूचना येईल, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.’ करायचा नाही. ती सूचना बंद होत नसेल तर चालू करायचं बटण दाबून धरा, लॅपटॉप बंद पडेल, त्याला सहसा काही होत नाही. कोणी पोलीस म्हणून, बँकेतून म्हणून किंवा विंडोजवाले म्हणून फोन केला आणि एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून आधी मला कळवा. मी मीटिंगमध्ये असले तरी उचलेन. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. हा नंबर मी कागदावर लिहून आत ठेवलाय, तो कॅलेंडरशेजारी चिकटवा. बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या पैशांना जपलंत, तुम्हाला कळत नाही म्हणून हे सांगत नाहीये. ही माणसं भल्याभल्यांना गाठतात.

आता जे फोनवर सांगायचं टाळत होते ते लिहिते. यंदा गणपतीला मला येता येणार नाही. नवीन कामातली पहिली मोठी डिलिव्हरी नेमकी त्याच आठवड्यात आहे. सुट्टी मागून बघितली, मिळाली नाही. गौरी जेवतील त्या दिवशी मी घरात नसेन या विचारानं मला कसंतरीच होतंय. आई, पुरणपोळ्यांचा घाट तू एकटीनं घालू नकोस. शेजारच्या काकूंना मी विचारलंय, त्या ऑर्डर घेणाऱ्या बाईंशी बोलणार आहेत. तुझ्या पोळीची सर येणार नाही, पण तुझे गुडघे आधी. आरतीला व्हिडिओ कॉल लावा. या लॅपटॉपचा कॅमेरा ७२०पीचाच, म्हणजे साधाच आहे आणि उजेड कमी पडला की चित्र गढूळ येतं, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसू नका, दिव्याचा उजेड समोरून येऊ द्या. व्हिडिओ कॉल म्हणजे येणं नव्हे, हे मला कळतं. पण फोनवर मला तुमचं कपाळ आणि छतच दिसायचं, निदान आता दोघं शेजारी बसलेले दिसाल. दिवाळीला मात्र नक्की येतेय, तिकीट काढलंय.

बाबा, डोळ्यांत थेंब घालायची वेळ चुकवू नका, आणि सलग तासभर बसलात की उठून अंगणात एक फेरी मारून या.

तुमची,
मनू

ता. क. – आई, याला डीव्हीडीचा कप्पा आहे, उजव्या कडेला. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना तो नसतो. कपाटातली तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची डीव्हीडी शोधून ठेव. विंडोज ती आपणहून लावत नाही, म्हणून व्हीएलसी टाकून दिलंय, भगव्या शंकूचं चित्र आहे ते. सुरुवातीला खरखर होईल, कप्पा ओढून काढू नका, जरा थांबा. त्यात आजी बोलतेय, त्या भागाचा आवाज वाढवून ऐका.