गेटजवळच्या गुलमोहराबद्दल – रविवारी सकाळी 10 ला पार्किंगमध्ये या

सगळ्यांना नमस्कार, परवाच्या वाऱ्यात गुलमोहराची फांदी पडली ती सगळ्यांनी बघितलीच, नशीब तेव्हा खाली मुलं नव्हती. आता ग्रुपवर निम्मे म्हणतायत झाड काढा, निम्मे म्हणतायत हात लावू नका, म्हणून समोरासमोर बसून ठरवू.

माझं मत सांगते. नुसतं जुनं झालं किंवा पानांचा कचरा होतो म्हणून झाड काढायचं नाही, पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची, त्यात आपण पेव्हर ब्लॉक अगदी बुंध्यापर्यंत लावले त्यामुळे मुळांना ना पाणी ना हवा. बुंध्याशी लाकडासारखी टणक अळंबी आलीये, ती दिसली की आतून कुजायला लागलंय असं समजायचं. खोड ठोकलं तर पोकळ आवाज येतो का, एका बाजूची माती उचलली गेलीये का, झाड आधीपेक्षा जास्त कललंय का हे रविवारी सगळे मिळून बघू.

आणि प्लीज कोणी परस्पर माणूस बोलवून कुऱ्हाड चालवू नका, फांद्या छाटायलासुद्धा महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, 1975 चा झाडं वाचवायचा कायदा आहे आणि 50 वर्षांच्या पुढचं झाड असेल तर ते हेरिटेज धरतात. बिल्डिंगचे जुने फोटो असतील तर आणा, वयाचा अंदाज येईल.

मागच्या कडुनिंबाला काही झालेलं नाही, तो विषय काढू नये ही विनंती.

तोवर गुलमोहराखाली गाड्या लावू नका, मुलांनाही तिथे खेळू देऊ नका.