चांदी-रेझिनच्या दागिन्यांची दुरुस्ती

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीतील चांदी आणि रेझिनच्या (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेच्या) दागिन्यांवरचा लेख वाचला. वाळलेले फूल किंवा हस्ताक्षरातला कागदाचा तुकडा चांदीच्या चौकटीत जपता येतो, हे त्यातील कौतुक रास्त आहे. साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजाव्या लागणाऱ्या मीन्यात (धातूवर बसवलेल्या काचेच्या रंगीत थरात) अशा वस्तूंची राखच झाली असती. मात्र असा दागिना पुढे तुटला तर काय, याचा लेखात उल्लेखही नाही, आणि दुरुस्तीचे काम करणारा कारागीर या नात्याने मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

चांदीला डाख देताना, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने सांधा जोडताना, धातू ६०० अंशांच्या वर तापवावा लागतो. नेहमीच्या वापरातले इपॉक्सी रेझिन मात्र बहुधा ५०-६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, आणि ज्योतीखाली करपून घातक धूर सोडते. चांदी ही सर्व धातूंत उष्णतेची सर्वात चांगली वाहक असल्यामुळे ‘फक्त कडीच तापवू’ ही पळवाटही उरत नाही. म्हणूनच डाख, तेजाबातली सफाई आणि मुख्य पॉलिश उरकल्यावर सर्वात शेवटी रेझिन ओततात. घडवताना हा क्रम पाळणे सोपे असते, दुरुस्तीच्या वेळी तो आपल्या हातात राहत नाही. रंगीत भाग मीन्याचा समजून कोणी ज्योत लावली, तर आत जपलेली वस्तू कायमची जाते.

पुष्कळदा दागिना तुटण्याआधीच बिघडलेला असतो. चकचकीत चांदीवर रेझिनची पकड मुळात कमी असते, त्यात तापमान बदलले की ते चांदीपेक्षा कितीतरी जास्त फुगते आणि आकसते. असा लोलक उजेडात तिरपा धरला, की काठाशी केसाएवढी पांढुरकी रेघ दिसते. तिथून पाणी आणि साबण शिरतो, आतली चांदी काळवंडते आणि तो काळेपणा बाहेरून पुसता येत नाही. चौकटीचा तळ पॉलिशपेपरने खरबरीत करणे, काठ किंचित आत झुकवणे आणि ओतण्यापूर्वी अ‍ॅसिटोनने तेलकटपणा काढणे एवढ्याने हे बरेचसे टळते. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या प्रमाणातही अंदाजपंचे चालत नाही, कारण कच्चे राहिलेले रेझिन चिकट तर राहतेच, शिवाय त्वचेला त्याची अ‍ॅलर्जी होऊ शकते. यूव्ही (अतिनील) दिव्याखाली घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये गडद रंग मिसळला, तर प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही आणि वरून टणक दिसणारा थर खाली ओलाच राहतो. (घाईच्या ऑर्डरींत हे हमखास होते.)

दागिन्यावरचा ९२५ हा शिक्का फक्त धातूची शुद्धता सांगतो; रेझिनबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून विक्रेत्यांनी अशा प्रत्येक दागिन्यासोबत एक छापील चिठ्ठी द्यावी, अशी माझी सूचना आहे. आत कोणते रेझिन आहे, दागिना ज्योतीपासून, अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांनी होणाऱ्या) सफाईपासून, अ‍ॅसिटोनपासून आणि कडक उन्हापासून दूर ठेवावा, एवढे तिच्यात असले तरी पुरे. ही चिठ्ठी पाहिली, की दुरुस्ती करणारा डाखाचा विचार सोडून रिव्हेटचा (ठोकून बसवलेल्या खिळीचा) थंड जोड द्यायचा, की मोजक्याच जागी उष्णता देणारे लेझर वेल्डिंग करायचे, हे आधीच ठरवू शकेल.

आपला,
एक चांदी कारागीर