पित्ताची गोळी आणि म्हातारपणातला विसर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘ॲसिडिटीच्या गोळीने स्मृतिभ्रंश होतो’ असा मजकूर घरोघरच्या मोबाइलवर अधूनमधून फिरतो. तो वाचून काही ज्येष्ठ गोळी एका दिवसात बंद करतात, तर काही जण ‘वीस वर्षं घेतोय, काही झालं नाही’ म्हणून तशीच चालू ठेवतात. दोन्ही चुकीचे आहे, म्हणून हे पत्र.

पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, इसोमेप्रॅझोल ही सगळी एकाच घराण्यातली औषधे. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे जे पंप असतात, त्यांना ती कुलूप लावतात. भीतीचे मूळ २०१६ साली जर्मनीतून आलेल्या पाहणीत आहे. ७५ वर्षांवरील ७३,६७९ जणांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही गोळी नियमित घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ४४ टक्के जास्त दिसला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ५,७१२ जणांच्या अभ्यासात एकूण ४.४ वर्षांहून जास्त काळ गोळी घेणाऱ्यांत तो ३३ टक्के जास्त होता. त्याहून कमी काळ घेणाऱ्यांत वाढ नव्हती.

मात्र अशा पाहणीत एक अडचण असते. ही गोळी रोज घेणाऱ्याला बहुधा मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन यांपैकी काहीतरी असते, आणि मेंदूला धोका त्यांचाही असतोच. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून केलेल्या चाचणीला जास्त वजन द्यायला हवे. तशी एक मोठी चाचणी झाली आहे. हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार असलेल्या १७,५९८ जणांपैकी निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम पॅन्टोप्रॅझोल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी साधारण तीन वर्षे दिली. २०१९ मध्ये निकाल आला. स्मृतिभ्रंशात फरक नव्हता, आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे वाढले. स्मृतिभ्रंशासारख्या आजारासाठी तीन वर्षे कमी आहेत, हे खरे. तरीही ‘गोळीने मेंदू सडतो’ म्हणण्याइतका पुरावा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

पण म्हणून निश्चिंत होता येत नाही. गोळीमुळे येऊ शकणारा आणि वेळेत ओळखला तर दुरुस्त होणारा विसराळूपणा वेगळाच आहे, आणि त्याकडे ‘वय झालं’ म्हणून दुर्लक्ष होते.

पहिले कारण बी-१२. अन्नातले हे जीवनसत्त्व प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातले आम्ल आणि पेप्सिन हा पाचकरस ते सोडवतात, मग पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषले जाते. आम्लच दाबले तर सोडवणूक अर्धवट राहते. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षे किंवा अधिक काळ ही गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता ६५ टक्के जास्त आढळली. यकृतातला साठा वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा उघडी पडते आणि गोळीशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. आपल्याकडे तर साठा मुळातच तोकडा. पुणे व परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ सालच्या अभ्यासात ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले होते. शाकाहार, वय, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रोजची पित्ताची गोळी हे सगळे एकाच माणसात असेल, तर तपासणी टाळूच नये.

खुणा अशा: तळपायांना मुंग्या, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे, जीभ गुळगुळीत लाल होणे, नावे न आठवणे, चिडचिड. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून बी-१२ चांगले असेलच असे नाही. नुसते फॉलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंचे नुकसान आतून चालूच राहते. रक्तातली पातळी २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० मध्ये शंका उरते, तेव्हा डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे पदार्थ) बघायला सांगतात. तपासणीसाठी रक्त बी-१२ चे इंजेक्शन सुरू करण्याआधी द्यावे, नंतर आकडा फसवतो. आणि एक दिलाशाची गोष्ट: गोळीतले बी-१२ मोकळेच असते, त्याला आम्ल लागत नाही. त्यामुळे पित्ताची गोळी चालू असतानाही ते लागू पडते.

दुसऱ्या कारणाची मला जास्त काळजी वाटते, कारण ते पाकिटावरच छापलेले असते आणि कोणी वाचत नाही. पट्टी उलटी करून बारीक अक्षरे बघा. गोळीच्या नावाला ‘एल’ किंवा ‘एलएस’ जोडलेले असेल तर बऱ्याचदा त्यात लेव्होसल्पिराइड असते, बहुधा ७५ मिलिग्रॅम. हे जठराची हालचाल वाढवते, पण मेंदूत हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचे कामही अडवते. त्यामुळे साठीपुढच्या काही जणांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हाताला कंप सुटतो, चेहरा निर्विकार होतो, लाळ गळते, पाय घासत चालणे सुरू होते, प्रश्नाचे उत्तर यायला वेळ लागतो. घरच्यांना वाटते पार्किन्सन (कंपवात) आला किंवा डोके चालेनासे झाले. मग त्यावर आणखी एक गोळी सुरू होते आणि मूळ गोळी तशीच राहते! औषध थांबवल्यावर बहुतेकांत सुधारणा दिसते, पण तिला आठवडे, कधी महिने लागतात. ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर डोमपेरिडोन हे मळमळीवरचे औषध. ते मेंदूत फारसे जात नाही, पण साठीनंतर हृदयाच्या ठोक्यांना त्रास देऊ शकते आणि मुळात आठवडाभरापुरतेच घ्यायचे औषध आहे. जळजळीसाठी ही जोडगोळी बहुतेकांना लागतच नाही.

शिवाय वर्षभराहून जास्त काळ गोळी आणि सोबत लघवी वाढवणारे औषध असेल, तर मॅग्नेशियम उतरून पेटके, कंप, गोंधळ होऊ शकतो. तेही रक्तात तपासता येते.

आता बंद करण्याबद्दल. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधे) एकत्र घेणारे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेले, स्टिरॉइडबरोबर वेदनाशामक घेणारे, अन्ननलिकेला तीव्र दाह असलेले यांनी ही गोळी स्वतःहून मुळीच थांबवू नये. त्यांच्यासाठी ती जठराची ढाल आहे. क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्रॅझोल आणि इसोमेप्रॅझोल टाळतात, पॅन्टोप्रॅझोल चालते.

बाकीच्यांनी, म्हणजे कधीकाळी तापाच्या औषधांसोबत मिळालेली गोळी आजवर घेत राहिलेल्यांनी, डॉक्टरांशी बोलून ती टप्प्याटप्प्याने उतरवावी. साधारण रीत अशी: ४० ऐवजी २० मिलिग्रॅम दोन ते चार आठवडे, मग तितकेच दिवस एक दिवसाआड, मग लागेल तेव्हा. ४० ची गोळी मोडून अर्धी करू नका. वरचे आवरण तुटले की जठरातले आम्लच औषध नासवते. २० ची वेगळी पट्टी मागा. थांबवल्यावर काही आठवडे पित्त उसळते, कारण दाबलेले पंप जास्त जोमाने काम करतात. २००९ च्या चाचणीत पित्ताचा काहीच त्रास नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे औषध देऊन थांबवले, तेव्हा ४४ टक्क्यांना आम्लाची लक्षणे आली. बिनऔषधाच्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे ही जळजळ गोळीची गरज सिद्ध करत नाही. त्या काळात पातळ अँटासिड घ्यावे, मात्र थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. रात्रीचे जेवण झोपेआधी तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून १५ ते २० सेंटिमीटर उंची. उशा वाढवून भागत नाही, त्याने पोट दुमडते.

ज्यांना गोळी हवीच आहे त्यांनी ती अनशापोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. खाताना जागे होणारे पंपच ती पकडते. जेवणानंतर घेतली की परिणाम उणा पडतो आणि मग दुसरी गोळी वाढते.

गिळताना अडकणे, वजन घटणे, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही असेल तर घरगुती प्रयोग नकोत. छातीत दाब येऊन घाम फुटला तर पित्त समजून बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना एकच विनंती आहे. चिठ्ठीवर पित्ताच्या गोळीपुढे ‘किती दिवस’ हे लिहा आणि ती कशासाठी दिली तेही दोन शब्दांत. आणि औषध दुकानदारांनी तीन महिन्यांची पट्टी एकदम देण्याआधी ती चिठ्ठी कोणत्या तारखेची आहे, एवढे पाहावे.

आपला,
एक औषधनिर्माता, मिरज